नऊ नंबरचं पान

१

शनिवारी सकाळी साडेदहाला मी त्यांच्या घरी पोचले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर एका माणसाची चौदा वर्षं मांडून ठेवली होती. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, भाषेच्या परीक्षेचा निकाल, कराची पत्रं, पोलिसांचं ‘याच्यावर गुन्हा नाही’ असं पत्र. नव्हता फक्त जुना पासपोर्ट, आणि त्याच्यासाठीच तर मी आले होते.

“काल संध्याकाळी या फाइलमध्ये होता,” लिफ्टचा मेकॅनिक म्हणाला. त्याने फाइल उलटी करून झटकली. आठव्यांदा झटकत असावा.

मी दुभाषी. नागरिकत्वाच्या कचेरीत आपल्या भाषेचं कुणी आलं की मला बोलावतात. कागदांचं भाषांतर करायचं, ‘मूळ प्रत मी डोळ्यांनी पाहिली’ म्हणून सही करायची आणि मुलाखतीला बसायचं. गेल्या आठ वर्षांत अर्जदार कधी कुठे गेला, कधी परतला, याचा हिशेब पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून लागतो. मुलाखत मंगळवारी दहाला होती.

“पोलिसांत हरवल्याची तक्रार देऊया का?” मेकॅनिकच्या बायकोने विचारलं. ती एका हॉस्पिटलच्या धुलाई विभागात कामाला होती. तिचा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणायचे.

“दिली की अर्ज निदान तीन महिने थांबतो.”

वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एकोणीस दिवसांनंतरच्या तारखेभोवती लाल गोल होता. त्या दिवशी त्यांच्या मुलीला अठरावं संपत होतं. तोवर बाप नागरिक झाला तर लेक आपोआप नागरिक होणार होती. नाही झाला, तर ती सज्ञान परदेशी. मग तिचा वेगळा अर्ज, वेगळी वर्षं, आणि मिळालेल्या कॉलेजवर पाणी.

“चोर बाहेरून आला नाही,” मेकॅनिक हळूच म्हणाला. “दाराला आतून कडी होती. घरात आम्ही पाचच माणसं.”

हे तो बोलला आणि त्या घरात कुणी कुणाकडे बघेना.

२

पाच माणसं म्हणजे मेकॅनिक, वहिनी, त्यांची मुलगी छकुली (नाव पाळण्यातलं, उंची बापाच्या कानापर्यंत), मेकॅनिकचे वडील अण्णा आणि त्याचा धाकटा भाऊ. अण्णा चार वर्षांपूर्वी आले, धाकटा दीड वर्षापूर्वी. मेकॅनिकची आई सहा वर्षांपूर्वी तिकडे, जुन्या देशात वारली होती.

मी बाकीचे कागद तपासायला घेतले. पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स एका गड्डीत होत्या, पांढऱ्या दोऱ्याने आडव्या-उभ्या बांधलेल्या. गाठ अशी घट्ट की सोडवताना माझं नख मोडलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर होता. सात, आठ, दहा, अकरा.

मी पुन्हा मोजलं. नऊ नंबरचं पान नव्हतं.

 या कामात बावीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडते: आपल्याला कळलेलं लगेच सगळ्यांना कळायची गरज नसते.

अर्जाच्या फॉर्मवर मेकॅनिकने स्वतःच्या अक्षरात चार प्रवास लिहिले होते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याचे शिक्के बाकीच्या पानांवर सापडले. तिसऱ्याचे नव्हते. त्या ओळीत होतं: निघालो, तीन तारीख. परतलो, एकोणतीस तारीख. कारण, आईचा अंत्यसंस्कार.

म्हणजे अर्ज मोडायचा म्हणून कुणी पासपोर्ट पळवला नव्हता. त्याला पोलिसांचं पत्र पळवणं पुरलं असतं, अख्खी फाइलच उचलता आली असती. इथे कुणीतरी एक पान नाहीसं करत होतं. मुळातूनही आणि झेरॉक्समधूनही.

३

छकुली जिन्यात बसली होती, कानात गाण्यांच्या वायरी घालून. मी शेजारी बसल्यावर तिने एक वायर काढली. फक्त एकच.

“सगळ्यांना वाटतंय मी घेतला,” ती म्हणाली.

“का वाटावं?”

“मागच्या आठवड्यात मी बाबांवर ओरडले. मी कुठली व्हायचं ते मला कुणी विचारलंच नाही, म्हटलं. ते म्हणाले, आमच्या वेळी विचारायची पद्धत नव्हती.” तिने नाक पुसलं. “पण मला कॉलेज हवंय हो. मी काय स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ?”

“झेरॉक्स कुणी काढल्या?”

“मीच. काल शाळेच्या लायब्ररीत. नंबर घातले आणि क्लिप लावून फाइलमध्ये ठेवल्या.”

“क्लिप? दोरा नाही?”

“दोरा कशाला बांधेन? मी काय किराणा दुकान चालवते?”

मला हसू आलं, पण ते तसंच गिळलं. म्हणजे शुक्रवार संध्याकाळनंतर कुणीतरी गड्डी सोडून पुन्हा बांधली होती. छकुलीला पान लपवायचं असतं तर तिने ते झेरॉक्सच केलं नसतं, वर नंबर घालून आपली चोरी उघडी करणं तर लांबच.

वहिनीला दुपारी तिच्या कामावर गाठलं. तळघरात मोठी मशिनं घरघरत होती आणि ती ओल्या चादरी ढकलगाडीत भरत होती.

“सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही गेला होतात?”

“मी कशी जाणार? आमचं विळ्याभोपळ्याचं. त्यांना हे लग्नच पसंत नव्हतं. शेवटपर्यंत फोनवर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या धाकाने बाकीचेही नाहीत.” तिने चादर पिळली, जशी काही सासूच हातात होती. मग तिचा हात थांबला. “पण ह्यांना मी अडवलं नाही. हॉस्पिटलात ठेवलंय कळल्याबरोबर तीन तारखेला मी स्वतः विमानतळावर सोडलं. चार दिवस उशाशी बसले होते हे. आईच्या हातात हात होता म्हणे. तेवढं पुण्य तरी पदरात पडलं.”

“ते त्यांनी सांगितलं तुम्हाला?”

“एकदाच. नंतर घरात तो विषय नाही. अण्णा आल्यावर तर नाहीच. मीच नको म्हणते, उगाच कशाला खपली काढायची?”

निघताना तिने माझा दंड धरला. “बाई, खरं सांगते. धाकट्या भावोजींना हा अर्ज नको होता. बुधवारी दोघा भावांचं कडाक्याचं वाजलं. भावोजी म्हणाले, तू एकदा त्यांचा झालास की मी कोण तुझा?”

४

धाकटा एका बेकरीच्या मागच्या बाजूला पिठाची पोती रचत होता. भुवयांपर्यंत पांढरा. रागीट माणूस, पण राग पिठासारखा; झटकला की उडून जाणारा.

“हो, भांडलो,” तो म्हणाला. “त्याला शपथ घ्यावी लागणार की जुना देश सोडला. आई जिथे आहे तो देश. मला नाही सहन झालं. पण म्हणून मी पुतणीचं वाटोळं करेन? मंगळवारी मीच साक्षीदार म्हणून येतोय त्याच्यासाठी. रजा टाकलीय.”

अर्जदाराला ओळखणाऱ्या एका सज्ञान माणसाची साक्ष लागते, हे खरं होतं. आणि साक्षीदारासमोर अर्जातली आणि शिक्क्यांवरची प्रत्येक तारीख दोन्ही भाषांत मोठ्याने वाचावी लागते. वाचणारी मी.

“आईजवळ शेवटी कोण होतं?”

“मी.” त्याने पोतं खाली ठेवलं. “सतरा दिवस. तिचं अंग पुसायचो, वेणी घालायचो. मला वेणी घालता येत नव्हती, तिनेच शिकवलं पडल्या पडल्या. दाराची चाहूल लागली की विचारायची, थोरला आला का? आठ तारखेला पहाटे गेली. दादा त्याच दिवशी दुपारी पोचला. सगळं आटोपलं होतं.”

मी जिभेवर आलेला प्रश्न वळवून घेतला. “विमान उशिरा होतं?”

“रद्द झालं होतं म्हणे. मधेच कुठल्यातरी विमानतळावर चार दिवस अडकून पडला बिचारा. हातपाय धरून रडला माझे. मी काय बोलणार? विमानावर कुणाचा जोर चालतो?”

पिठाची धूळ खाली बसत होती. मी तिथून निघाले.

वहिनीच्या हिशेबाने नवरा चार दिवस आईच्या उशाशी होता. धाकट्याच्या हिशेबाने भाऊ चार दिवस विमानतळावर अडकला होता. सासूच्या अबोल्यामुळे हे दोन हिशेब सहा वर्षांत एकमेकांना कधी भेटलेच नव्हते, एकाच छपराखाली राहूनसुद्धा. खरं काय ते सांगू शकणारी एकच गोष्ट जगात होती: जुन्या देशात उतरल्याचा शिक्का. तो नऊ नंबरच्या पानावर होता.

आणि ते पान आता एका माणसाकडे होतं, हे मला कळून चुकलं होतं.

५

अण्णा रोज अकराच्या सुमाराला इमारतीखालच्या बाकावर बसत. समोर गाड्या लावायची जागा आणि कचऱ्याचे चार डबे, पण ते असे बघत जणू समोर समुद्र आहे. रविवारी मी जाऊन शेजारी बसले.

“अण्णा, तुम्ही नोकरी कुठे केलीत?”

“टपाल खात्यात. सॉर्टर. पस्तीस वर्षं पत्रांच्या गड्ड्या बांधल्या.”

“तुमच्या गाठीने माझं नख मोडलं.”

ते हसले नाहीत. काठीची मूठ नुसती फिरवत राहिले.

“बाकीच्यांचा विचार करून झाला माझा,” मी म्हटलं. “तुमच्या थोरल्याने तीन तारीख फॉर्मवर स्वतःच लिहिलीय. लपवायची असती तर तिथेच बदलली असती. तुमच्या सुनेने त्याला स्वतः विमानतळावर सोडलं, तिला ती तारीख नवीन नाही. नातीने पान स्वतः झेरॉक्स केलं. धाकट्याने ते पान पाहिलं असतं तर काल माझ्याशी तो ‘बिचारा’ म्हणून बोलला नसता. घर डोक्यावर घेतलं असतं त्याने. राहिलात तुम्ही.”

 एक गाडी आली, मागे-पुढे करत लागली, माणूस उतरून गेला.

“शिक्का दिसला की तारीख वाचायची सवय,” अण्णा म्हणाले. “शुक्रवारी कागद नीट लावून देत होतो पोराला. तेवढीच मदत. क्लिप काढली, आणि नववं पान. चार तारीख. आधी वाटलं शाई फुटलीय. मग मूळ पासपोर्ट काढून पाहिला. शिक्का स्वच्छ होता, कुणीतरी मन लावून मारलेला.” त्यांनी घसा साफ केला. “विमानतळ ते हॉस्पिटल, दीड तासाचा रस्ता.”

“विचारलंत का त्याला?”

“काय विचारू?”

“राग नाही आला?”

“यायचाय अजून. दोनच दिवस झालेत.” मग ते एकदम माझ्याकडे वळले. “मंगळवारी तुम्ही ते मोठ्याने वाचणार. धाकटा तिथे उभा असणार. सतरा दिवस आईला ‘येतोय दादा, येतोय’ म्हणत थोपवून धरलेला पोरगा तो. त्याने हे ऐकलं तर या जन्मी दोघं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. मला दोनच मुलगे आहेत, बाई.”

“आणि छकुली?”

“झेरॉक्स चालते ना? बाकीची पानं ठेवली की मी. एवढ्या पानांत एक कोण बघतंय?”

मी त्यांना एकोणीस दिवसांचं गणित समजावून सांगितलं. आता अठरा. त्यांच्या हातातली काठी घसरून खाली पडली. कुणीच नीट सांगितलं नव्हतं त्यांना. म्हाताऱ्या माणसांना घरात अशा गोष्टी अर्ध्याच सांगतात.

कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी पासपोर्ट काढला. आत घडी घातलेली नवव्या पानाची झेरॉक्स होती. “फाडणार होतो. हात झाला नाही. शिक्का मारलेला कागद आहे.”

“धाकट्याला साक्षीतून वगळता येईल,” मी म्हटलं. “नात्याबाहेरचा साक्षीदार जास्त ग्राह्य धरतात, हे खरंच आहे. त्याच्या बेकरीचे मालक येतील. पण हा सापडला कुठे, म्हणून सांगू?”

अण्णांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “सांगा, म्हाताऱ्याने औषधांच्या पिशवीत घातला आणि विसरला. म्हातारा चळलाय.”

“अण्णा, ते खरं धरतील. नंतर प्रत्येक गोष्टीत…”

“धरू दे.”

६

त्यांनी खरं धरलं. वहिनी आधी रडली, मग देवाचे आभार मानले आणि संध्याकाळपर्यंत अण्णांची घराची किल्ली काढून घेतली. गॅसला हात लावायचा नाही, एकट्याने खाली जायचं नाही. छकुलीने त्यांच्या कपाटावर चिठ्ठ्या चिकटवल्या: सदरे, मोजे, औषधं. धाकटा चिडला आणि मग त्याचंच त्याला वाईट वाटलं. अण्णा ओशाळवाणं हसत सगळ्यांना ‘हो, हो’ म्हणत होते.  सापडलेला पासपोर्ट मेकॅनिकने मात्र नवव्या पानाशी उघडला, बंद केला, आणि वडिलांकडे न बघता आत गेला.

मंगळवारी दहा वाजता आम्ही कचेरीतल्या खोलीत बसलो. मेकॅनिक, वहिनी, घरातले अवलंबून म्हणून अण्णा आणि छकुली, पिठाचा वास असलेले बेकरीचे मालक आणि मी. समोर एक तरुण अधिकारी, चष्मा नाकावर, आवाजात काहीच नाही. मी तारखा वाचत गेले. तीन तारीख वाचताना माझा आवाज मलाच मोठा वाटला. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत होते.

अधिकाऱ्याने पेन थांबवलं.

“एक मिनिट. कारण लिहिलंय आईचा अंत्यसंस्कार. मृत्यूचा दाखला आठ तारखेचा आहे. तुम्ही तीनला निघालात आणि चारला उतरलात.” त्याने मान वर केली. “बाई जिवंत असताना तुम्ही त्यांच्या अंत्यसंस्काराला कसे निघालात?”

अर्ज भरल्यापासून हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मलाही पडला नव्हता, मी नुसत्या तारखा जुळवत बसले होते. खोटी माहिती म्हणून अर्ज तिथल्या तिथे फेटाळता येतो, हे आमच्यापैकी मला आणि मेकॅनिकला ठाऊक होतं.

मेकॅनिकचे ओठ हलले. इथली भाषा तो उत्तम बोलायचा, पण शब्द फुटेना. “मी… ते चार दिवस…” एवढंच म्हणाला आणि टेबलाची कड धरून राहिला.

घरच्यांना कळावं म्हणून अधिकाऱ्याचा प्रश्न आपल्या भाषेत सांगणं मला भाग होतं. मी सांगितला.

“आजारी होती म्हणून आला,” अण्णा म्हणाले. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. ते खुर्चीत ताठ बसले होते. “चारही दिवस आईजवळ होता. मी पाहिलंय. त्याच्या मांडीवर गेली ती. फॉर्म भरताना चुकला असेल पोरगा. सांगा त्यांना.”

वहिनी मान डोलावत होती. तिला हे सगळं ठाऊकच होतं.

माझी शपथ अशी आहे की जे बोललं जाईल ते जसंच्या तसं सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. मी जसंच्या तसं सांगितलं. अधिकाऱ्याने ‘कारण’ या रकान्यात दुरुस्ती केली, मेकॅनिकची सही घेतली आणि पान उलटलं.

मेकॅनिक वडिलांकडे बघत होता. ते त्याच्याकडे बघत नव्हते.

७

बाहेर पडल्यावर त्याने मला पाण्याच्या मशिनपाशी गाठलं.

“बाई, अण्णांना खरंच तसं आठवतंय का हो? त्या पासपोर्टसारखं… डोक्यात गोंधळ झालाय त्यांच्या? की…”

त्याला दोन्ही उत्तरांची भीती वाटत होती. आयुष्यभर मी एकाचं दुसऱ्याला सांगत आले. त्या दिवशी अण्णांना दिलेला शब्द आडवा आला.

“तुम्हीच विचारा,” मी म्हटलं.

निर्णय दहा दिवसांनी आला, होकाराचा. छकुलीच्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना मेकॅनिकने शपथ घेतली. त्या दालनात साठेक माणसं होती. छकुली पहिल्या रांगेत बसून बापाचे फोटो काढत होती. बापाचा चेहरा फोटो काढण्यासारखा नव्हता. अण्णा वहिनीचा हात धरून आले होते. आता त्यांना एकटं कुठे सोडत नसत.

धाकटा दिसला नाही. तो दारापाशी भेटला, कार्यक्रम संपल्यावर, कामाच्या कपड्यांतच. छकुलीसाठी एक केकचा खोका होता त्याच्या हातात. तो त्याने मला दिला.

“तुम्हीच द्या तिला. मी आत जात नाही.”

“काय झालं?”

“रविवारी दादाने सगळं सांगितलं. स्वतःहून. सगळ्यांसमोर, अण्णांच्या पायाशी बसून.” त्याचा आवाज सपाट होता. “विमान बिमान काही नव्हतं. स्टेशनजवळच्या लॉजवर बसून होता चार दिवस. म्हणाला, आई विचारणार, कायमचा परत कधी येतोस, आणि तिला हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं. रोज सकाळी तयार व्हायचा, बूट घालायचा आणि पुन्हा पलंगावर बसायचा.” त्याने दालनाकडे एकदा पाहिलं. “मी आता बेकरीच्या वरच्या खोलीत राहतो. वहिनी चांगली आहे हो. बोलत नाही त्याच्याशी, पण डबा देते.”

आत कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

“आणि अण्णा?” मी विचारलं. “अण्णा काय म्हणाले त्याला?”

“अण्णा?” त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी माया आली. “दादा इतका रडला, आणि अण्णा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, मला बाबा यातलं काही आठवत नाही, तू आईजवळच होतास. पुन्हा पुन्हा तेच.” त्याने हाताचं पीठ पँटला पुसलं. “खरंच विसरलेत ते सगळं. एका अर्थी बरंच झालं, बाई. आमच्यातला एक तरी सुटला.”

दालनातून माणसं बाहेर येऊ लागली होती. त्यांत अण्णा होते, वहिनीच्या हाताला धरून, एकेक पायरी चाचपत उतरत. धाकट्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं ओळख पटायला वेळ लागतोय.

“हो,” मी म्हटलं.